शर्टाची मागची पट्टी

प्रिय लाईल,

ॲरिझोनाच्या उन्हात पाय पसरून बसला असशील, तर आधी चष्मा लाव. सही करतानाही लावायचा होतास. ते पुढं येतंच आहे.

थँक्सगिव्हिंगला टर्की कापता कापता तू सगळ्यांसमोर म्हणालास, "इर्मा, एकाहत्तराव्या वर्षी विमान शिकायचं आणि तेही विकत घेऊन? त्यापेक्षा हत्ती पाळ. माझ्या विमान शिकवायच्या शाळेतलं भाड्यानं घे, दोन चकरा मार, हौस फिटेल." पोरं खिदळली. मी बटाटे वाढले.

भाड्याचं तू मला सांगू नकोस. ऑफिसातल्या फळ्यावर कोण किती वाजता विमान नेणार ते मीच लिहायचे ना? माझं नाव खडूनं लिहायचे आणि गिऱ्हाईक आलं की तू ते अंगठ्यानं पुसायचास. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या ऑक्टोबरात मास्तर म्हणाले, उद्या तू एकटी उडव. मी नवा शर्ट इस्त्री करून आले. पहिल्यांदा एकट्यानं उडवलं की मास्तर शर्टाची मागची पट्टी कापतात, नाव-तारीख घालून भिंतीवर ठोकतात, ही आपली रीत. तू विमान बँकवाल्याच्या पोराला दिलंस. "पुढच्या आठवड्यात, इर्मा." मग बर्फ पडलं, मास्तर सोडून गेले, माझं लग्न झालं. त्या पोराच्या पट्टीवर नाव कुणी रंगवलं? मीच. तुझ्या भिंतीवरची सगळी नावं माझ्या हातची. एक माझंच नाही.

विकत घेण्यात कटकट आहे, कबूल. टायर, तेल, दरवर्षीची तपासणी. गस मेकॅनिकनं विमानाची शेपटी उघडली तर आत उंदरांचं घरटं! म्हणाला, "लाईलनं हे बघितलं तरी होतं का कधी?"

हो, तुझंच ते. पिवळं, दोन सीटचं, तू विकायला काढलेलं. गसनं फोनवर गिऱ्हाईक आहे म्हटलं, तर तू एवढंच विचारलंस, "रोख देतंय ना?" कागद आले, तू न वाचता सही ठोकलीस. घेणाऱ्याचं नाव वाचलं असतंस, तर खुर्चीतून खाली आला असतास.

गेल्या मंगळवारी शिकवणारी मार्लिस धावपट्टीकडेला उतरली. म्हणाली, "जा, इर्मा. आपटलीस तर माझं नाव सांगू नकोस." तिचं वजन गेलं, तसं विमान टुणकन उठलं. तीन फेऱ्या मारल्या. खाली तुझं ऑफिस काडेपेटीएवढं. थुंकावंसं वाटलं, पण विमान माझं, पुसायचं मलाच.

मार्लिसनं कात्री चालवली. पट्टी तुझ्या टेबलासमोर ठोकलीय, बँकवाल्याच्या पोराच्या वर, चार खिळ्यांनी. अंगठ्यानं पुसून बघ.

आता या पत्रासोबतच्या पार्सलचं. माझ्या तेव्हाच्या शर्टाची मी कधीच फडकी केली. मंगळवारी घातला तो तुझा. शाळेच्या उद्घाटनाचा, खिशावर तुझं नाव शिवलेला, आईनं कपाटात जपलेला. उरलेला परत पाठवतेय. पुढून अजून झकास आहे. चारचौघांत पाठ फिरवू नकोस, म्हणजे झालं.

तुझीच बहीण,
इर्मा