खाणीतले काळीज

मुळगाव, ५ जून १९९४

ती. सत्यवतीताईस,
धाकट्या जयरामचा सा. न. वि. वि.

पाऊस तोंडावर आला, खाणीचे काम आटोपत आले. शेवटच्या आठवड्यात खड्ड्यात मला एक दगड मिळाला. काळा, चकचकीत, वर गोल फुगवटे. फुटल्या कडेला मांसासारखे तंतू दिसतात. आमचा टिप्परवाला भिकाजी गावच्या जत्रेला बकरे सोलतो. त्याने हात फिरवून सांगितले, हे जनावराचे काळीज आहे, दगड झालेले. कामगारांनी त्यावर जास्वंद ठेवली.

विनूचे वेगळेच. ती म्हणते, काळीज दगड होऊ शकते, पण हे काळीज नव्हे, खनिज आहे. बारावीचा निकाल लागून आठवडा झाला नाही आणि वीस वर्षे खाणीवर काढलेल्या बापाला शिकवते. तिला मडगावला भूशास्त्र घ्यायचे आहे. मुदत २४ तारखेपर्यंत. मी म्हटले, आत्याला विचारू, ती बेळगावला कॉलेज शिकलेली. विनू बरोबर ठरली तर मडगाव, चुकली तर डिचोलीत टायपिंग. तिने कबूल केले.

तुझा शब्द अखेरचा. गुडघे सांभाळ आणि धाकट्यावर जीव असू दे.

जयराम

इब्रामपूर, ९ जून

चि. जयराम यास अ. उ. आ.

पत्र पोचले. शुद्धलेखन सुधारलेले नाही.

बकरे सोलणाऱ्याला ताजे काळीज कळते, दगड नव्हे. काळीज मऊ, ते दोन दिवसांत कुजते. जीवाश्म हाडांचे, दातांचे, शिंपल्यांचे होतात. मऊ अवयवांचे कधीच नाही. हे मी पंचावन्न साली शिकले आणि तीस वर्षे शाळेत शिकवले. तेव्हा तू चूक आणि विनूही अर्धी चूक. तिला म्हणावे, बोलण्याआधी पुस्तक उघडावे.

तुझ्या बायकोने पाठवलेली फणसाची साठे छान झाली आहेत, हे यशोदेला सांग. आशीर्वाद आहेच, तो मागावा लागत नाही.

सत्यवती

मुळगाव, १३ जून

ती. आत्यास,
विनोदिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र बाबांनी मोठ्याने वाचले. ‘अर्धी चूक’ दोनदा. अर्धी का होईना, चूक ती चूक, म्हणून बाबा टायपिंगच्या क्लासात माझे नाव घालून आले.

पुस्तक उघडावे म्हणालात, म्हणून शनिवारी पणजीच्या ग्रंथालयात गेले. ब्राझीलमध्ये माशांचे स्नायू दगड झालेले सापडले आहेत, तंतू न् तंतू दिसतो. मेलेला मासा लगेच गाळात गाडला गेला, हवा लागली नाही आणि कुजण्याआधी खनिजाने जागा घेतली, तर असे होते. फार क्वचित. त्या पानाची झेरॉक्स जोडली आहे.

आता आमचा दगड. मी सातवीत असताना तुम्हीच दाखवले होते, खनिज फरशीच्या खरखरीत पाठीवर घासून रेघेचा रंग बघावा. न्हाणीतली उरलेली फरशी घेतली. पिवळट तपकिरी रेघ आली. आपल्या खाणीचेच लोखंड, आणि तंतूही त्याचेच. बाबा बघत होते.

उलट बोलले म्हणून रागवा, पण पान वाचून रागवा. 

तुमची विनू

इब्रामपूर, १६ जून

चि. जयराम यास अ. उ. आ.

विनूने पाठवलेले पान तीनदा वाचले. मग माळ्यावरून माझी कॉलेजची वही काढली. तीत माझ्याच अक्षरात आहे, मऊ अवयवांचे जीवाश्म बहुधा होत नाहीत. तो ‘बहुधा’ मी वाटेत कुठे टाकला ठाऊक नाही. तीस वर्षे ‘कधीच’ शिकवले आणि उलट विचारणाऱ्यांना बाकावर उभे केले.

मी चुकले. हेही मोठ्याने वाच, दोनदा.

तू माझा शब्द अखेरचा मानलास, तर तो असा: विनू दोन्ही बाबतींत बरोबर. टायपिंगमधले नाव काढ. मुदतीच्या आत तिला स्वतः मडगावला घेऊन जा. दगडही ने.

माझ्या पोरीला जप.

सत्यवती

मुळगाव, २५ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

परवा जाऊन आलो. विनूला प्रवेश मिळाला. तिथल्या प्राध्यापकांनी दगड खनिजच ठरवला, पण इतका सुरेख नमुना आपल्या कपाटात नाही म्हणून मागून घेतला. चिठ्ठी विनूने लिहिली: लोहखनिज, मुळगाव, शोधणारे जयराम गावस. मी ती दोनदा वाचली. मनात.

भिकाजीला सांगितले तर तो खट्टू झाला. मग विचारू लागला, उद्या खरेच दगड झालेले काळीज मिळाले तर ते ओळखणार कोण. मी म्हटले, तीन वर्षे थांब, विनू ओळखेल.

दिवाळीला ये. तिची वही तपासून दे, आणि तुझी तिला दाखव.

जयराम