बाबांची फरशी आणि माझी छिन्नी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. साष्टांग म्हणत नाही, कारण सध्या जमिनीवर आडवा झालो तर परत उठवायला दोन माणसं लागतील. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का, की अजून औषधाची बाटली उजेडात धरून नुसतीच बघतात? (फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोन वाजला की भावोजी स्पीकर लावतात.) इकडे सर्व क्षेम. सर्व म्हणजे स्वयंपाकघर आणि माझा डावा अंगठा सोडून.

ही पंधरा दिवसांसाठी लेकीकडे गेली आहे, शनिवारी येईल. जाताना बजावून गेली होती की झाडांना पाणी घाला, दूध उतू घालवू नका आणि कशालाही हात लावू नका. पहिल्या दोन गोष्टी मी चोख पाळल्या. तिसरीचं असं झालं की मिरी कुटताना खलबत्त्याचा बत्ता हातातून निसटला आणि ओट्यापुढच्या फरशीला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला. बाबांनी स्वतः बसवलेली फरशी, ताई! चाळीस वर्षांत तिच्यावर कुकर पडला, भरलेली बादली पडली, मी दोनदा पडलो, पण तिने कधी हूं की चूं केलं नाही. फोनवर हिच्यापासून लपवणार होतो, पण मी ‘हॅलो’ म्हणताच तिने विचारलं, काय फोडलंत? आणि तिला निमित्तच हवं होतं. त्या पिवळट फरश्या तिच्या कधीच मनात भरल्या नाहीत. तिने तिथूनच एका फरशीवाल्याला धाडलं. तो चपलांसकट आत आला, उभ्या उभ्या मान हलवली आणि म्हणाला, असला माल आता बनत नाही, एक बदलून भागायचं नाही, सगळंच उखडावं लागेल, शनिवारी माणसं घेऊन येतो. म्हणजे बाबांच्या हातची सगळी जमीन शनिवारी पोत्यांत भरून बाहेर! मी तिथेच ठरवलं की शनिवारच्या आत ती फरशी मी बदलणार, आणि कोणाची मदत घेणार नाही. मी फरशीवाल्याचा मुलगा आहे. जन्मभर टपाल कचेरीत शिक्के मारले म्हणून काय झालं?

बेत साधा होता. फ्रिजखालची फरशी काढून ओट्यापुढे लावायची. फ्रिजखाली कोण वाकून बघतंय? फ्रिज सरकवण्यात सोमवारची सकाळ गेली (त्यातलं दही कुठे गेलं ते विचारू नकोस). मग छिन्नी लावली. पण बाबांचं काम ते, जागचं हलेना. तासाभराने सुटली ती तीन तुकड्यांत. म्हटलं, चला, आता हात बसला. शेजारची घेतली, ती पाच तुकड्यांत निघाली. तिसरीच्या वेळी हातोडी आधी अंगठ्यावर पडली आणि मग फरशीवर, आणि दोघांनीही हाय खाल्ली. एक फुटकी होती, त्या चार झाल्या. पण मी माघार घेतली नाही. अंगठा बांधला आणि ओट्यापुढच्या मूळ फरशीकडे वळलो.

आणि ताई, ती नुसतं बोट घालताच उचलली गेली. खाली बघतो तर चार कोपऱ्यांत सिमेंटचे चार गोळे, आणि मधे काही नाही. पोकळ! तुला आठवतं ना, बाबा कोणाच्याही घरी गेले की आधी वाकून बोटाच्या पेराने जमीन वाजवायचे? तुझ्या सासरी पहिल्यांदा गेलो तेव्हा चहा यायच्या आत त्यांनी गुडघ्यावर बसून अर्धा दिवाणखाना वाजवला होता, आणि तुझ्या सासऱ्यांना ‘भरीव आहे, काळजी नाही’ असं सांगितलं होतं. (आई तेव्हा पदरात तोंड लपवून बसली होती.) त्या माणसाच्या स्वतःच्या घरात, ऐन ओट्यापुढे पोकळ फरशी! मी एकटाच मोठ्याने हसलो. मग हसू आवरलं. ते दिवसभर लोकांच्या जमिनी बसवायचे आणि संध्याकाळी येऊन आपली. दमत असणार. कधी बोलले नाहीत, म्हणून आपणही कधी विचारलं नाही. मला फार वाईट वाटलं, ताई.

मग मी इरेला पेटलो. सगळे तुकडे जुळवले, खाली सिमेंट-वाळूचा माल भरपूर घातला, एक बोटभर जागा रिकामी सोडली नाही, आणि भेगांत पांढरं सिमेंट भरलं. काम मजबूत झालंय. दिसायला मात्र, फरशीवाल्याच्या मुलाने केलंय असं कोणी म्हणणार नाही.

असो. गुडघ्यांना जप. भावोजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. – तुझं घर झालं तेव्हा बाबांनी याच मालातल्या उरलेल्या फरश्या तुझ्या आतल्या खोलीत बसवल्या होत्या. मोठं कपाट आहे ना, त्याच्या खालच्या चार मला हव्यात. मी शुक्रवारी सकाळी येतो. कपाट रिकामं करून ठेव. भावोजींना सांग, खोकल्याची चौकशी करायला येतोय. (चार म्हटलं तरी माझा हात बघता आठ धरून चाल.)

ता. क. दुसरा – पत्र टाकायचं राहिलं (जन्म टपालात गेला तरी!) आणि ही आज गुरुवारीच येऊन थडकली. पिशवी खाली न ठेवताच थेट स्वयंपाकघरात गेली. मी तिला त्या चार गोळ्यांचं सांगितलं. तशी ती खाली बसली आणि पळीच्या दांड्याने माझ्या चारही फरश्या वाजवल्या. ताई, चारही पोकळ. ‘अगदी मामंजींवर गेलात,’ म्हणाली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिनेच फरशीवाल्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. तेव्हा कपाट हलवू नकोस.

ता. क. शेवटचा – तरी कपाटाशेजारची एखादी फरशी वाजवून बघ. पोकळ वाजली तर लगेच कळव. भरीव वाजली तर मात्र कळवू नकोस. तू बाबांची लाडकी होतीस हे मला माहीत आहे, त्याचा पुरावा नको.