थोरली कोण

३ फेब्रुवारी, मंगळवार
माझं अर्धं तिकीट अन् ती फुकट! धाकटी बहीण असून! कार्डावर नवसाबाई शहात्तर, म्हणून फुकट; मी चतुराबाई बहात्तर. चार वर्षांनी लहान ती, कडेवर घेऊन फिरले मी तिला. आधारच्या शिबिरात साहेबानं वय विचारलं तर पुढं होऊन दोघींचं उत्तर हिनंच दिलं, उलटं. आज भर एसटीत कंडक्टरला म्हणे, माझ्या धाकटीला खिडकी द्या, लेकरू हाय. सगळी गाडी हसली. मी खिडकीत बसले, पण रागानं.
आता कार्ड दुरुस्त करणार. तिच्याशी बोलणं बंद.

४ फेब्रुवारी
बोलणं बंदच हाय. सायखेड्याहून तिचा फोन आला, उचलला फक्त. अर्धा तास मीच ऐकवलं. त्याला बोलणं म्हणत नाय.

९ फेब्रुवारी, सोमवार
नात वेदिकाला घेऊन सिन्नरच्या आधार सेंटरात. मशीनला माझं बोट दिसेना. तीस वर्षं विड्या वळल्या, रेघा त्या पानांनी नेल्या. मशीनवाला म्हणे, जन्माचा पुरावा आणा. म्हटलं, पुरावा सायखेड्याला राहतो, दात काढून हसतो. म्हणे, त्यांनाच आणा.

११ फेब्रुवारी
बोलावली. कामापुरती. शेंगदाण्याची चटणी केली. तिला आवडते म्हणून नाय, शेंगदाणे संपवायचे होते.
मशीनवाल्यानं विचारलं, दोघींत थोरली कोण? ही पदर सावरून म्हणे, मी. हिला मीच कडेवर वाढवली, लय रडकी होती. माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. मशीनवाला तिच्या पाया पडला!
घरी येताना तिसऱ्या पायरीवर बसली, छातीला हात लावून. नाटक. मला ठाऊक नाय का? पाणी दिलं तरी उठेना.

१२ फेब्रुवारी
नाशिकला दवाखाना. डॉक्टर म्हणे, हृदयाची झडप खराब, ऑपरेशन लागेल. म्हटलं, नाटकी हाय ती, नीट बघा. त्यांनी नीटच बघितलं होतं.

१६ फेब्रुवारी, सकाळी आठ
ऑपरेशनच्या कागदावर सही तिच्या लेकानं, शेखरनं केली. नर्स तिचं अन् माझं कार्ड बघून मला म्हणे, धाकट्या आजी, तुम्ही बाहेर बसा. चूक दाखवायला तोंड उघडलं, तर ही स्ट्रेचरवरून डोळा मारून आत गेली. बाहेर आली की बोलणं बंद. यावेळी खरंच.

दुपारी एक
चहा घेतला. चव नाय. काही वाटत नाय. वेदिका रडायला लागली. तिला म्हटलं, गप.

चार वाजता
अजून आतच. बाकावरची बाई उगाच बोलायला म्हणे, तुमच्यात थोरली कोण? वेदिका माझ्याकडं बघते. तिला बजावलं, तू बोलायचं नाय, मीही बोलणार नाय. हे उत्तर कायम नवसाच देते. तिनंच द्यायचं. बाहेर येऊन.