बोटभर आत

प्रिय ठमे,

एवढ्या मोठ्या अधिकारीणबाईंना ठमी म्हणावं का, असा प्रश्न पडला होता. पण सुनावणीत तू मला सगळ्यांसमोर ‘आपण सभासद’ म्हणालीस, तेव्हा फिट्टंफाट झाली असं समज. त्या दिवसापासून धक्क्यावर माझं नाव सभासद पडलंय. मेकॅनिक रोज सकाळी हात जोडतो. म्हणतो, ‘या सभासद, आपल्या इंजिनाची तब्येत काय म्हणते?’ मी हसतो. सुनावणी संपल्यावर तू गाडीत बसलीस आणि थेट गेलीस. घर चार पावलांवर होतं. मी निघताना दोन कप काढून ठेवले होते. तुझा आज सकाळपर्यंत तसाच पालथा होता. राग नाही. ज्यांची जाळी उचलायची त्यांच्यातल्याच एकाकडे अधिकारी चहाला गेली तर लोक काय म्हणतील, एवढं मलाही कळतं.

तुझ्या खात्याचा नकाशा आमच्या मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवर लावलाय. निळ्या पाण्यावर तांबडी रेघ. रेघेच्या आत, खाडीच्या तोंडाशी मासे अंडी घालतात, म्हणून तिथे पाच वर्षं जाळं टाकायचं नाही. आमच्या सगळ्यांच्या जागा आतच आहेत, आणि बाहेर जायला आमची इंजिनं पुरत नाहीत. बर्फवाला येता-जाता रेघेवर बोट ठेवतो आणि म्हणतो, ‘बोटभर आत घेतली तर हिच्या बापाचं काय जातं?’ मग मी मागेच उभा आहे हे दिसलं की जीभ चावतो.

होडी अजून निघते. ती एकट्याच्याने हलत नाही, तुला ठाऊकच आहे. सहा जण लागतात. लहानपणी तू नुसता हात टेकवायचीस आणि ‘मीच ढकलली’ म्हणून नाचायचीस. सुनावणीनंतर वाटलं होतं, आता कोणी यायचं नाही. पण येतात. बोलत नाहीत फारसं, खांदा लावतात आणि आपापल्या होडीकडे जातात.

तुझ्या आईचं एक सांगायचं राहिलंय. होडी किनाऱ्याला लागली की ती गुडघाभर पाण्यात यायची, आठवतं? मासा तळहातावर आडवा धरायची. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत भरला तर पाटीत. नाही भरला तर जिवंत असेपर्यंत परत पाण्यात. ‘जा रे, अजून शाळा शिक,’ म्हणायची त्याला. तू शहरात शिकायला गेलीस, त्यानंतर कधीतरी तिने बोटं दुमडायला सुरुवात केली. आधी एक पेर. मग दोन. मी एकदा म्हणालो, ‘काय गं, मापात खोट?’ ती म्हणाली, ‘थंडीनं हात आखडलाय.’ आम्ही दोघंही हसलो. उन्हाळा होता. शेवटच्या वर्षी तर तिची मूठ मिटलेलीच असायची, आणि मुठीएवढा मासाही पाटीत जायचा. शाळेत कोणालाच पाठवत नव्हती. पुढे आजारात तिचा हात माझ्या हातात असायचा. तेव्हा मात्र बोटं सरळ होती.

तुझ्या नियमांत माशाचं कमीत कमी माप दिलंय. मी पट्टी घेऊन माझ्या हातावर ठेवून बघितली. माझा हात मोठा, काही कळेना. तुझा तिच्यावर गेलाय. तू तुझ्याच हाताचं माप दिलंस का गं?

हे पत्र मी आपणहून लिहायला बसलेलो नाही. हरकती द्यायची मुदत सोमवारी संपते. आज सकाळी सगळे घरी आले. चेअरमन म्हणाला, ‘काका, आमच्या अर्जाला कोण विचारतंय? बापाचा शब्द पोरगी मोडायची नाही. रेघ बोटभर आत घे, एवढंच लिहा.’ बर्फवाल्याने कागदही आणला होता, हाच. मेकॅनिकची बायको पोटुशी आहे. तो दाराशीच बसून राहिला, आणि त्याच्याकडे मला बघवेना. तुझं गणित बरोबर की चूक, मला सांगता येत नाही. पाच वर्षांनी मासा येईलही, तेव्हा मी असेन का, आणि मेकॅनिक इथे उरला असेल का, कोण जाणे. पण ते बोटभर म्हणजे आणखी एक पेर दुमडणं आहे, एवढं मला दिसतं. रेघ हलवू नकोस. या लोकांनी पाच वर्षं खायचं काय, याचं मात्र बघ. वरच्यांशी भांडावं लागलं तर भांड. आईसारखी भांड. बाहेर सगळे चहा पिताहेत. कप कमी पडला म्हणून तुझाही दिला. आता उठतो आणि त्यांना हे वाचून दाखवतो, मग पेटीत टाकायला मीच जाईन. उद्या होडी ढकलायला कोणी यायचं नाही.

तुझाच,
रेघेच्या आतला
बाबा