गाडीचं नाव पुढं करून

दादा, मी गाडी घेतली. तुमच्या अँबॅसिडरसारखी पांढरीच, पण बाकी काही म्हणजे काही सारखं नाही. तुमच्या गाडीत पुढे एकच लांब सीट. तुम्ही, आई आणि मधे मी, तरी आईला ऐसपैस मांडी घालता यायची. हिच्यात प्रत्येकाची वेगळी खुर्ची, वेगळा पट्टा. तुमची सुरू झाली की अख्ख्या गल्लीला कळायचं. ही सुरू आहे की नाही हे मलाच बघावं लागतं. तुम्ही असतात तर "ही गाडी हाय का खेळणं?" म्हणाला असतात, आणि मग हळूच आत बसून एसी लावून घेतला असतात. मी ओळखून आहे तुम्हाला. तुमची पत्र्याखाली उभी आहे, दसऱ्याला झेंडूची माळ घालून घेते.

पण प्रश्न आईचा होता. तुम्ही गेल्यापासून ती कोपरगावला मावशीकडे गेलीच नाही. मावशी अंथरुणाला खिळलेली, आणि आईला एसटीत बसलं की उलट्या. दोघी बहिणी फोनवर "बरी हायेस ना" विचारतात आणि रडतात. एक दिवस भेट न होताच सगळं संपेल, अशी मला धास्ती वाटायची. खरं तर गाडी घेतली ती त्यासाठीच. आई मात्र ऐकेना. "काचा बंद आसत्यात तिच्यात. मला न्हाई सोसायचं."

मागच्या रविवारी कशीबशी तयार झाली. निघताना तिने पाण्याचा कॅन भरून घेतला. म्हटलं, हा कशाला? "गाडीला. कोल्हारला पाजावं लागतं न्हवं." प्रवरेचा पूल आला की तुम्ही कडेला थांबता, बॉनेट उघडता, "तापली बिचारी" म्हणत पाणी ओतता, आणि तोवर आई नदीच्या वाऱ्यावर फिरून येते, हे अजून मला दिसतं. मी हसून सांगितलं, ही मनमाडपर्यंत न थांबता जाईल गं. आईने तरी कॅन पायाशी ठेवलाच. पूल दिसायला लागला तेव्हा तिने पदर तोंडाला लावलेला. मी घाईने गाडी बाजूला घेतली.

उतरून तिने चूळ भरली, थोडी चालली, मग म्हणाली, "त्या गाडीला तरी कुठं दरवेळी पानी लागत हुतं? मळमळायचं मला. तुझी आज्जी मागं बसल्याली आसायची, हिच्यापायी उशीर हुतो म्हनून लई बोलायची. मग ह्यांनी गाडीचं नाव पुढं केलं."

दादा, इतकी वर्षं मी लोकांना रंगवून सांगत आले, की आमची गाडी कोल्हारला दम खाल्ल्याशिवाय पुढे जायची नाही. त्या पुलाशी उभी राहून मला तुमचं फार कौतुक वाटलं. थोडा रागही आला. मला तरी सांगायचं होतंत.

पुढे राहात्याला पुन्हा थांबलो. आजी नाही, त्यामुळे कारण शोधावं लागलं नाही. कोपरगावला मावशी उशीला टेकून बसली होती. दोघी आधी रडल्या, मग कुठल्याशा जुन्या व्याह्यांची टिंगल करत खोकला येईपर्यंत हसल्या. मी चहा केला आणि दारात बसून ऐकत राहिले. बऱ्याच दिवसांनी इतकं बरं वाटलं.

परत येताना आईला झोप लागली. तुमच्या गाडीत ती कधी झोपलेली मला आठवत नाही. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तुमच्यापर्यंत पोचायचंही नाही, म्हणून धीर करून लिहिते: दोन्हींत माझीच गाडी चांगली आहे, दादा.