दोन किल्ल्या एका ताटात

सोम., ६ ऑक्टो. ९७, सांगली
पतसंस्थेच्या संगणकाचा आराखडा झाला एकदाचा. साताऱ्याच्या ऑफिसातून आमच्या सरांचा फोन. म्हणाले, मशीन यायच्या आधी लिहून दे, यात चोरी कुठून होऊ शकेल, आणि तुझ्या अंदाजावर किती विसंबायचं. पुढच्या सोमवारी संचालकांची बैठक. पास झालं तर काम आपलं. नाहीतर मी परत आईकडे, स्थळं बघत.

मंगळ., ७
खरी रीत: दोघांनी वेगवेगळं बसून अंदाज करायचे, मग ताडून पाहायचे. जोडीला मंजिरी कामाला होती तोवर तसंच चालायचं. ती गेली बंगलोरला. म्हणून मीच सकाळी केला, जेवून परत केला. दोन्ही तंतोतंत जुळले. जुळणारच! आपला पेपर आपणच तपासायचा.

बुध., ८
मोठी रक्कम काढायला दोन माणसांचे दोन पासवर्ड. तिजोरीच्या दोन किल्ल्यांवरून घेतलं. हेड कॅशियर शिंदेकाकांना विचारलं, त्या कधी एकत्र येतात का. "न्हाई ओ ताई, कवाच न्हाई." लिहिलं: भरवसा पक्का.
डब्यात परत दोडका. दिवसभरात काकांशी बोलले तेवढंच. बाकी...

शुक्र., १०, खंडेनवमी
पतसंस्थेत प्रसादाला गेले. हॉलमध्ये पाटावर टाइपरायटर, शिक्के, झेंडू. मधे ताटात तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या, हळदकुंकू लावून! सगळे आत जेवायला. हॉलमध्ये मी एकटी. दोन्ही सहज उचलता आल्या असत्या.
काकांना विचारलं तर तेच गोंधळले. "आवं, ती पूजा हाय. देवापाशी ठेवल्यात." खोटं बोललेच नव्हते ते. पुढच्या वर्षी म्हणे दोन्ही पासवर्ड कागदावर लिहून ताटात ठेवणार. कुंकू लावायचं कशावर नाहीतर?

शनि., ११, दसरा
सोनं द्यायला इथे कोण आहे? एसटीडीवरून मंजिरीला त्या ताटाचं सांगितलं. खूप हसली. मग म्हणाली, "हे दिसलं गं. न दिसलेलं काय?" रडूच आलं. बूथवाल्याने पंखा माझ्याकडे वळवला.

सोम., १३
सर म्हणाले होते, पूजेतही दोन्ही एकत्र ठेवू नयेत असा नियम घाल आणि 'पक्का' ठेव. नाही ठेवला. लिहिलं: मला एकटीला दिसलं ते एवढंच, दुसऱ्या कुणी तपासल्याशिवाय विसंबू नये.
चेअरमननी चष्मा काढला. "म्हणजे ताई, तुमच्यावर विश्वास ठेवू नका, हे तुम्हीच सांगताय?"
हो म्हटलं.
बाहेर बसायला सांगितलंय. बाकावर लिहितेय. सर चिडणार. आतलं काही ऐकू येत नाही. काम जाईल बहुतेक, पण त्याआधी कुणीतरी बाहेर येऊन सांगावं, ताई, तुमचं हे इथे चुकलंय.