दाराशी बसलेला लंबू

धाकट्या,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहायला हात धजावला नाही, म्हणून नुसतंच धाकट्या.

काल टीव्हीवर तुझी शर्यत पाहिली. शिक्षा भोगून आलास, संघाने परत घेतलं आणि पूर्वीसारखाच पळालास. शेजारच्या काकू म्हणाल्या, "असल्याला कशाला घेतात गं?" मी त्यांच्यावर खेकसले. पळण्यावरच तुझं पोट आहे. ते काढून घेऊन कुणाचं भलं होणार?

मग तुझी मुलाखत लागली. आवाज ऐकताच लंबू कॉटखालून बाहेर आला. हरलेल्या शर्यतीचा राग तू खिळ्यांच्या बुटांनी ज्या कुत्र्यावर काढलास, तोच आपला लंबू. मला वाटलं, भीतीने थरथरेल. तर हा लंगडत दाराशी गेला आणि शेपूट हलवत बसला, सकाळी तुझ्याबरोबर सरावाला निघायचा तसा. टीव्ही बंद केला तरी उठेना. दुधाला तोंड लावेना.

आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "बघ, मुक्या जिवाने माफ केलं. तू मोठी बहीण, तुला जमत नाही?"

"आई, त्याला नाही म्हणताच येत नाही गं," मी म्हणाले. "ते मलाच म्हणावं लागणार."

तू जिंकलास तर मी मनापासून टाळ्या वाजवीन. घरी मात्र येऊ नकोस, एवढंच लिहायला बसले होते. पण हे वाचून तू तडक माफी मागायला येशील, आणि लंबू तुला आत घेईल. म्हणून पत्र टाकत नाही.

तो अजून दाराशीच बसलाय. मी आतून कडी लावली आहे.

तरीही तुझीच,
ताई